सी फ्युरी फ्लाइटगियरमध्ये: इंजिनापासून डेकपर्यंत

नौदलाच्या पिस्टन इंजिनी लढाऊ विमानांची शेवटची पिढी दुसरं महायुद्ध संपता संपता तयार झाली. अमेरिकेचं बेअरकॅट आणि ब्रिटनचं सी फ्युरी ही त्यातली ठळक नावं. सी फ्युरीचा पहिला नमुना २१ फेब्रुवारी १९४५ रोजी उडाला. तोवर जेट इंजिन आलेलंच होतं, तरी कोरियाच्या युद्धात हेच विमान ब्रिटिश विमानवाहू नौकांवरून रोज उडत होतं. ९ ऑगस्ट १९५२ रोजी एचएमएस ओशनवरच्या ८०२ स्क्वाड्रनच्या सी फ्युरींनी एक मिग-१५ हे जेट लढाऊ विमान पाडलं. या लेखात हेच विमान, त्यातही एफबी ११ हा प्रकार, फ्लाइटगियर या मोफत सिम्युलेटरसाठी पहिल्यापासून कसं बांधायचं ते पाहू.

सुरुवातीलाच एक आग्रह. बहुतेक नवखे आधी बाहेरचा आकार घेऊन बसतात, सहा महिने रिव्हेट काढतात, आणि उड्डाणाचं गणित शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या विमानातून उचलतात. त्यातून दिसायला देखणं, पण उडताना सेसना या छोट्या विमानासारखं वागणारं विमान तयार होतं. सी फ्युरी म्हणजे साडेपाच टनांच्या चौकटीला बांधलेलं अडीच हजार अश्वशक्तीचं इंजिन, आणि ते नव्वद नॉटला डेकवर उतरवायचं असतं. हा ताण सिम्युलेटरमध्ये जाणवला नाही, तर वरचा रंग कितीही अचूक असला तरी विमान खोटं वाटतं. म्हणून आधी गणित, मग आकार.

तयारी

लागणारी साधनं सगळी फुकट आहेत. फ्लाइटगियर, त्याच्यासोबत येणारं जेएसबीसिम हे उड्डाण-गणित, त्रिमितीय आकार बनवायला ब्लेंडर, चित्रं रंगवायला गिंप किंवा क्रिटा आणि साधा टेक्स्ट एडिटर. जेएसबीसिम वेगळं उतरवूनही घ्या. चित्राशिवाय, नुसत्या आकड्यांवर ते चालवता येतं, आणि कमाल वेग तपासायला दर वेळी सिम्युलेटर उघडावा लागत नाही.

विमानाच्या फोल्डरमध्ये वर एक 'सेट' फाइल, तिच्या शेजारी उड्डाण-गणिताची एक्सएमएल फाइल, आणि आत 'मॉडेल्स', 'इंजिन्स', 'साउंड्स', 'सिस्टिम्स', 'नॅसल' (फ्लाइटगियरच्या स्क्रिप्टसाठी) असे उपफोल्डर ठेवा. फोल्डर आणि फाइलींची नावं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. विंडोजवर चालणारं विमान लिनक्सवर उघडत नाही, याचं कारण बहुधा एखादं चुकीचं मोठं अक्षर असतं.

मूळ आकडे एका कागदावर लिहून समोर लावा. पंखांचा विस्तार ११.७ मीटर, लांबी १०.५७ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ २८० चौरस फूट. रिकामं वजन सुमारे ९,२४० पौंड, उड्डाणाचं कमाल वजन सुमारे १४,६५० पौंड. कमाल वेग १८,००० फुटांवर ताशी ४६० मैल. इंजिन ब्रिस्टल सेंटॉरस १८, पुढच्या पंख्याला (प्रोपेलर) पाच पाती, व्यास १२ फूट ९ इंच. जेएसबीसिम फूट-पौंडात विचार करतं, म्हणून खालचे हिशोबही त्याच मापांत आहेत. सगळीकडे १२,५०० पौंड हे रोजच्या वापराचं वजन धरलं आहे.

वजन आणि जडत्व

जेएसबीसिमच्या मोजमाप-चौकटीत एक्स मागे, वाय उजवीकडे आणि झेड वर धन असतो. शून्यबिंदू नाकाच्या टोकावर ठेवला की एक्सची सगळी मापं धन येतात आणि चिन्हांच्या चुका टळतात. 'व्हीआरपी' (दृश्य-संदर्भबिंदू) नावाचा बिंदू ब्लेंडरमधल्या मॉडेलच्या शून्यबिंदूशी जुळलाच पाहिजे. तो जुळला नाही तर विमान जमिनीत अर्धं रुतलेलं किंवा हवेत तरंगताना दिसतं. मग लोक चाकांची उंची बदलत बसतात, आणि दुखणं वाढतं.

जडत्वाचे छापील आकडे या विमानासाठी सहज हाती लागत नाहीत, पण अंदाजाची रीत पक्की आहे. वस्तुमान ३८८ स्लग (फूट-पौंड पद्धतीतलं वस्तुमानाचं एकक). गुंडाळीच्या, म्हणजे डावी-उजवीकडे कलण्याच्या (रोल) अक्षाभोवती विस्ताराच्या निम्म्याचा सुमारे ०.२७ भाग ही त्रिज्या धरली, की जडत्व १०,००० स्लग-चौरस फुटांच्या जवळ येतं. नाक वर-खाली होण्याच्या अक्षाला १५,०००, नाक डावी-उजवीकडे वळण्याच्या अक्षाला २३,०००. यातला तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कधीच मोठा असू शकत नाही. तो मोठा आला, तर कुठेतरी बेरीज चुकली आहे.

इंजिन

सेंटॉरसला १८ सिलिंडर, दोन रांगांत. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५.७५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७ इंच, एकूण घनफळ ३,२७२ घन इंच म्हणजे ५३.६ लिटर, दाबाचं गुणोत्तर ७.२. याला नेहमीचे व्हॉल्व्ह नाहीत, सरकत्या नळकांड्यांची स्लीव्ह व्हॉल्व्ह रचना आहे. जेएसबीसिमला त्याने काही फरक पडत नाही, पण आवाज बनवताना हे लक्षात ठेवा.

सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) दोन वेगांचा आहे, म्हणून बूस्टच्या (त्या वाढीव दाबाच्या) वेगांची संख्या २ द्या आणि दोन्ही वेगांसाठी बूस्ट, अश्वशक्ती, आरपीएम आणि उंची वेगवेगळी भरा. इथे नवखे हमखास अडखळतात. ब्रिटिश बूस्ट वातावरणाच्या दाबाच्या वरचा मोजतात. +९ पौंड म्हणजे १४.७ अधिक ९, एकूण २३.७ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजेच पाऱ्याचे ४८.३ इंच. बूस्टची ओळ पौंडात आणि मॅनिफोल्ड दाबाची (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या एकूण दाबाची) कमाल मर्यादा पाऱ्याच्या इंचांत लागते. दोन्हीकडे एकच आकडा टाकला, की इंजिन एक तर श्वास कोंडल्यासारखं चालतं किंवा समुद्रसपाटीला चार हजार अश्वशक्ती देतं.

पंखा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जेएसबीसिममध्ये 'गियररेशो' म्हणजे इंजिनाचे फेरे भागिले पंख्याचे फेरे. पुस्तकांत हे गुणोत्तर उलटं, म्हणजे ०.४४४ असं छापलेलं असतं. फाइलमध्ये २.२५ लिहा. त्याहून मोठा सापळा पुढच्याच ओळीत आहे. 'मॅक्सआरपीएम' पंख्याचा असतो, इंजिनाचा नसतो. इंजिन २,७००, तर पंखा १,२००. तिथे २,७०० लिहिलं तर गव्हर्नर (फेरे स्थिर ठेवणारं यंत्र) पाती कायम बारीक कोनात ठेवतो, इंजिन मर्यादेबाहेर पळतं आणि थ्रस्ट (पुढे ढकलणारं बल) मात्र येत नाही.

आता कोष्टकं. शक्ती-गुणांक म्हणजे शक्ती भागिले घनता, फेऱ्यांचा घन आणि व्यासाचा पाचवा घात यांचा गुणाकार. पंखा सेकंदाला २० फेरे, व्यास १२.७५ फूट आणि समुद्रसपाटीची घनता धरली, तर २,४८० अश्वशक्ती पचवायला हा गुणांक ०.२१३ लागतो. विमान उभं असतानासुद्धा तुमच्या कोष्टकात कुठल्या तरी कोनावर हा आकडा सापडला पाहिजे. नाहीतर गव्हर्नरला फेरे आवरता येणार नाहीत.

दुसरं टोक कमाल वेगाचं. ताशी ४६० मैल म्हणजे सेकंदाला ६७५ फूट. त्याला फेरे आणि व्यास यांनी भागलं की आगेकूच-गुणोत्तर २.६५ येतं. छोट्या विमानांच्या फायलींतली कोष्टकं याच्या बरीच अलीकडे संपतात, आणि कोष्टक संपलं की जेएसबीसिम शेवटचाच आकडा पुढे ओढत नेतं. परिणामी विमान ३०० मैलांनंतर विचित्र वागू लागतं आणि चूक ड्रॅगमध्ये (हवेच्या अवरोधात) शोधली जाते. कोष्टक किमान ३ पर्यंत न्या. पात्यांचा कोनही त्याच प्रमाणात हवा: तीन चतुर्थांश त्रिज्येवर नुसत्या हवेच्या दिशेचाच कोन ४८ अंश होतो, म्हणून 'मॅक्सपिच' ५५ ते ६० ठेवा.

एक जलद तपासणी. उभ्या विमानात एवढ्या शक्तीचा एवढ्या व्यासाचा पंखा सिद्धांतानेच १०,४०० पौंडांपेक्षा जास्त थ्रस्ट देऊ शकत नाही. प्रत्यक्षात साडेसहा ते साडेसात हजार दिसला तर कोष्टक ठीक आहे. अकरा हजार दिसला, तर ते निसर्गनियमाच्या बाहेर गेलं आहे.

पंख्याचं जडत्व फार कमी दिलं तर आरपीएमची सुई थरथरते, फार जास्त दिलं तर थ्रॉटलला इंजिन सुस्त उत्तर देतं.

फिरण्याची दिशा, टॉर्क आणि मागचा झोत

सेंटॉरसचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. बेअरकॅट किंवा कॉर्सेअर या अमेरिकी विमानांच्या बरोबर विरुद्ध. म्हणून 'सेन्स' उणे १ हवा. याचा अर्थ टेकऑफला विमान उजवीकडे ओढतं आणि डावं रडर (शेपटीचं उभं सुकाणू) लागतं. तुमचं मॉडेल डावीकडे ओढत असेल, तर हे चिन्ह पहिलं तपासा.

टॉर्क (पंखा फिरवताना विमानाला बसणारा उलटा पीळ) किती, ते एकदा कागदावर काढाच. २,४८० अश्वशक्ती, पंखा १,२०० फेरे: सुमारे १०,८५० पौंड-फूट. आता नव्वद नॉटला हवेचा गतिक दाब २७.४ पौंड प्रति चौरस फूट. त्याला पंखांचं क्षेत्रफळ आणि विस्तार यांनी गुणलं की येतात जवळपास २,९५,०००. म्हणजे नुसता टॉर्क थोपवायला गुंडाळी-गुणांक ०.०३७ लागतो. ऐलेरॉन (पंखांच्या टोकांकडची, विमान कलवणारी झडप) पूर्ण वाकवल्यावर साधारण ०.०४ मिळतो. याचाच अर्थ, उतरण्याच्या वेगाला थ्रॉटल एकदम पुढे ढकललं, तर उजवीकडे कलणारं विमान सावरायला जवळजवळ सगळं ऐलेरॉन खर्ची पडतं. या विमानाचा स्वभाव याच एका आकड्यात आहे. तुमच्या फाइलमध्ये ऐलेरॉनचा गुणांक उदार हाताने ०.०८ दिलेला असेल, तर तो स्वभावच निघून गेला.

टॉर्क जेएसबीसिम स्वतः लावतं. पंख्याच्या मागचा झोत मात्र शेपटीवर आपोआप लागत नाही. त्यासाठी पंख्याने दिलेला वाढीव वेग सांगणारी प्रॉपर्टी उपलब्ध आहे. ती वापरून तीन गोष्टी लिहा: एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) आणि रडरला मिळणारा वाढीव गतिक दाब, उभ्या शेपटीवर तिरका आदळणारा पीळदार झोत (तो नाक उजवीकडे ढकलतो), आणि पंखाच्या मुळाकडच्या भागावर वाढणारी उचल. पहिली गोष्ट नसेल तर उभ्या विमानात पूर्ण शक्ती देऊनही रडर मेलेलं राहतं. तिसरी नसेल तर डेकवर 'कट'ची (थ्रॉटल बंद करण्याची) खूण मिळाल्यावर थ्रॉटल मागे घेतलं तरी विमान खाली बसत नाही, तरंगत पुढे जातं. डेकवर उतरण्याची सगळी पद्धत या बसण्यावर उभी आहे.

ड्रॅग आणि मंद वेग

ड्रॅग कमाल वेगावरून उलटा काढायचा. १८,००० फुटांवर तिथे उपलब्ध शक्ती २,१०० अश्वशक्ती आणि पंख्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर थ्रस्ट १,३७० पौंड येतो. गतिक दाब ३०९. यातून थेट ड्रॅग-गुणांक काढला तर तो फसवा कमी येतो, कारण एक्झॉस्टचे आखूड पाइप मागे रोखलेले असतात आणि तेही ढकलतात. त्यासाठी आणखी दहा टक्के धरा, उचलीमुळे येणारा ०.००१५ वजा करा, म्हणजे मूळ ड्रॅग ०.०१६ च्या जवळ बसतो. एक्झॉस्टचा थ्रस्ट वेगळं बल म्हणून लिहा. तो इंजिनाच्या शक्तीत मिसळला तर चढाईचा दर बिघडतो.

मंद वेगासाठी: उतरताना वजन ११,५०० पौंड, पूर्ण फ्लॅपसह (पंखांच्या मागच्या, खाली वाकणाऱ्या पट्ट्या) कमाल उचल-गुणांक १.९ धरला तर स्टॉल (पंखांची उचल तुटणं) ८० नॉटला येतो आणि त्याच्या १.१५ पट म्हणजे ९२ नॉट हा डेकवर येण्याचा वेग. उचलीची रेषा स्टॉलनंतर हळूच वाकवू नका. पातळ, लॅमिनार धाटणीच्या पंखाला ती तीव्र उतरती हवी, आणि त्यासोबत एक पंख आधी पडेल अशी थोडी असमानताही हवी.

चाकं आणि तार पकडणारा आकडा (हुक)

स्प्रिंगचा आकडा अंदाजाने टाकू नका. वजनाचा ९० टक्के भाग पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे प्रत्येकी ५,६२५ पौंड. उभं असताना पाय ०.६ फूट दबतो असं धरलं तर स्प्रिंग ९,४०० पौंड प्रति फूट. डॅम्पर (धक्का शोषणारा भाग) साधारण १,३०० पासून सुरू करा. आता डेकचा धक्का: सेकंदाला १२ फुटांनी खाली येणाऱ्या विमानात २८,००० फूट-पौंड ऊर्जा असते. एक फूट दबून दोन्ही स्प्रिंग मिळून ९,४०० च घेतात. उरलेली सगळी डॅम्परने खायची असते. ती खाल्ली नाही तर विमान उसळतं आणि तारांवरून उडी मारून पुढे जातं. अशा वेळी स्प्रिंग कडक केली तर उसळी वाढते. डॅम्पर वाढवा आणि परतीचा डॅम्पर वेगळा, त्याहून जास्त द्या.

शेपटीच्या चाकाला 'मॅक्सस्टिअर' ३६० दिलं की ते मोकळं फिरतं. सुरू होताच विमान जागेवर थरथरत असेल, तर बहुधा याच छोट्या चाकाची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असते.

तार पकडणाऱ्या आकड्यासाठी 'एक्स्टर्नल रिॲक्शन्स' भागात हुक नावाचं बल ठेवावं लागतं. त्याची जागा अचूक हवी. ती गरजेपेक्षा खाली गेली तर तार पकडताच नाक जोरात आपटतं. फ्लाइटगियरमधल्या निमिट्झ या विमानवाहू नौकेवर सराव सुरू करा, पण मनात खरा डेक ठेवा. ओशन, ग्लोरी, थिसियस या नौकांचे डेक सरळ होते, लांबी जेमतेम २१० मीटर, आणि पुढे इतर विमानं उभी. मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी असलेली आणि पुढे मोडीत निघालेली जुनी आयएनएस विक्रांत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकाराची कल्पना आहे. ती याच कुळातली, हर्क्युलिस या नावाने सुरू झालेली नौका. फक्त ती १९६१ मध्ये तिरक्या डेकसह सेवेत आली, आणि तिच्यावर सी हॉक आणि अलिझे ही विमानं होती.

ब्लेंडर

आता कुठे आकार. तीन बाजूंची रेखाचित्रं लावा आणि प्रत्येकात विस्तार ११.७ मीटर भरतो का ते आधी मोजा. छापील चित्रं एकाच दिशेने ताणलेली असणं अगदी नेहमीचं आहे. दोन वेगळ्या स्रोतांची चित्रं एकमेकांवर ठेवून पाहा आणि वाद असेल तिथे फोटोचं ऐका.

पंख मधोमध थेट जोडलेले आहेत. टेंपेस्ट या आधीच्या लढाऊ विमानाचे पंख घेऊन मधला भाग काढून टाकला, तशी ही रचना झाली. छेदाची जाडी मुळाशी सुमारे १४ टक्के, टोकाशी १०, आणि सर्वांत जाड जागा पुढून ३७.५ टक्क्यांवर. ती नेहमीसारखी ३० टक्क्यांवर काढली तर पंखावरची चमक चुकीच्या जागी पडते आणि जाणकाराला ते लगेच खटकतं. मिरर मॉडिफायर (एका बाजूवरून दुसरी बाजू बनवणारी ब्लेंडरची सोय) वापरा, पण पंखाच्या मुळाशी असलेली हवेची तोंडं काढण्याआधी तो पक्का करून टाका. ऑइल कूलर एकाच बाजूला आहे, दोन्ही तोंडं सारखी नाहीत.

काउलिंगला (इंजिनाभोवतीच्या गोल आवरणाला) ३२ बाजू पुरतात. बाहेरचा सगळा आकार ३० ते ४० हजार त्रिकोणांत बसवा. ऐलेरॉन, फ्लॅप, एलेव्हेटर, रडर, चाकांची झाकणं, पंखांची दुमडणारी टोकं, सगळं वेगळं आणि नाव दिलेलं हवं. निर्यातीआधी स्केल आणि फिरवणं 'अप्लाय' करा, नाहीतर बिजागऱ्यांचे बिंदू जुळत नाहीत. प्रत्येक बिजागरीच्या अक्षाची दोन टोकं मीटरमध्ये लिहून ठेवा, ॲनिमेशनच्या फाइलमध्ये तीच जातात. पंख दुमडताना ऐलेरॉन जागीच लटकलं, तर त्या वस्तूवरच्या दोन ॲनिमेशनचा क्रम उलटा करून पाहा.

रंग: वर गडद सागरी करडा, खाली 'स्काय' हा फिकट हिरवट. कोरियातल्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे. खाऱ्या हवेत रंग कसा उडतो आणि पत्र्याच्या कडा कशा दिसतात हे फोटोपेक्षा प्रत्यक्ष पाहून जास्त कळतं. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान-संग्रहालय आहे, तिथे फायरफ्लाय उभं आहे. तेही ब्रिटिश नौदलासाठी बनलेलं, पिस्टन इंजिनाचं विमान. त्याचे पंख मागे दुमडतात आणि सी फ्युरीचे वर, म्हणून बिजागरी तिथून उचलू नका. बाकी बरंच शिकता येईल. दुसऱ्याचं मॉडेल किंवा फोटो वापरण्याआधी परवाना वाचा. फ्लाइटगियरमधली बहुतेक विमानं जीपीएल परवान्याखाली आहेत आणि त्यांत परवान्याविना काहीही मिसळता येत नाही.

आवाज

१८ सिलिंडर, २,७०० फेरे: सेकंदाला ४०५ स्फोट. पाच पाती, १,२०० फेरे: सेकंदाला १०० वेळा पातं समोरून जातं. ध्वनिफितीत या दोन वारंवारिता दिसल्या पाहिजेत, आणि लूपचा वेग आरपीएमशी बांधताना त्या एकत्रच वर-खाली व्हायला हव्यात. सुरू होताना काडतुसाचा एकच बार येतो, इलेक्ट्रिक स्टार्टरची घरघर टाकू नका.

डेकवरची चाचणी

आधी जमिनीवर, वाऱ्याविना. टेकऑफ, १८,००० फुटांवर कमाल वेग, स्टॉल. प्रत्येक बदलानंतर हे तिन्ही आकडे वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ते जुळले की नौका २० नॉटने वाऱ्यात चालवा.

डावीकडे वळत या. लांब नाकामुळे सरळ रेषेत डेक दिसतच नाही, म्हणून ब्रिटिश वैमानिक वळणातच उतरत. ९२ नॉट, फ्लॅप पूर्ण, आकडा खाली. शेवटच्या क्षणी थ्रॉटल बंद केल्यावर विमान खाली बसलं आणि तारेने धरलं, तर झोताचं गणित जमलं. मग मुद्दाम उलटं करा. त्याच वेगाला, डेकच्या अगदी आधी, पूर्ण शक्ती एका झटक्यात द्या. उजवा पंख खाली गेला, ऐलेरॉन टोकाला जाऊनही तो उचलायला दोनेक सेकंद लागले, आणि थ्रॉटल हळू दिल्यावर हेच विमान डाव्या रडरवर सरळ निघून गेलं, तर पुढचं काम कॉकपिटच्या डायलचं.